शुद्ध या शब्दावर अडलेलं भांडण

बाई, आपलं भांडण एका शब्दावर अडलं होतं आणि तुम्ही मध्येच निघून गेलात. हे मला मंजूर नाही. भांडण अर्धं टाकून उठायची तुमची पद्धत नव्हती. नववीत माझं उत्तर चुकलं की तास संपल्याची घंटा झाली तरी तुमच्या हातातला खडू खाली जात नसे. बाहेर पोरं डबे उघडून बसलेली आणि मी फळ्यासमोर उभा. "मुलाणी, उत्तर येईपर्यंत मी पण उपाशी आहे." असं म्हणणारा माणूस असा अचानक कसा जातो?

तुम्ही नोकरीला कधी लागलात, किती वर्षं शिकवलंत, तुमची किती मुलं इंजिनियर झाली, हे सगळे सांगतायत. सांगू देत. मला ते सांगायचं नाही. सोमवारी ग्रामसभा आहे. पत्रक छापायला द्यायचंय. त्यात एक जागा मी आठ दिवस कोरी ठेवली होती. ती कशी भरली हे तुम्हाला कळवल्याशिवाय मी ते छापणार नाही, म्हणून हे लिहितोय.

तुम्हाला माहीत असलेलं थोडं पुन्हा सांगतो, कारण हे दुसरेही वाचतील. आपलं गाव बेडसे लेण्यांच्या डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. डोंगरात झरा, झऱ्यापासून पाइप, पाइपाखाली टाकी, टाकीवरून घरोघर नळ. मुलाण्यांच्या आळीला, वरच्या आळीला, तुमच्या बौद्धवाडीला, सगळ्यांना एकच पाणी. दोन वर्षांपूर्वी झऱ्याच्या डोक्यावर प्लॉटिंग सुरू झालं. शनिवार-रविवार राहायला येणाऱ्यांचे बंगले. जेसीबीने डोंगराची एक कड केक कापावा तशी कापली. तेव्हापासून नळाला ताक येतं. पाऊस असो नसो.

मी यावर पहिलं पत्रक काढलं. वर मोठ्या अक्षरात 'आमच्या पाण्यात विषारी रसायने', खाली 'आम्हाला शुद्ध पाणी द्या'. तुम्ही ते दारात उभ्या राहून वाचलंत, चष्मा कपाळावर ढकलून.

"रसायन म्हणजे काय रे, मुलाणी?"

"विषारी असतं ते, बाई."

"पाणी स्वतःच रसायन आहे. संयुग. नववीत शिकवलं होतं. तू खिडकीबाहेर बघत होतास."

मी म्हटलं, पत्रक म्हणजे प्रश्नपत्रिका नाही. लोकांना राग यायला पाहिजे.

"येऊ दे की. पण खरा यावा. खोटा राग विझवायला एक कागद पुरतो."

तो कागद आलाच. ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या साहेबांनी तो वाचून दाखवला. पाणी तपासलं, विषारी काही आढळलं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "गाळ आहे हो. डोंगराचा गाळ. तासाभरात खाली बसतो. तुम्हीही बसा आता." सभा हसली. माझ्या आळीतलेही हसले. आणि मी बसलो, बाई. हसले त्याचं एवढं नाही. मी बसलो, हे अजून सलतं.

दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे आलो तेव्हा 'सांगितलं होतं ना' हे वाक्य मी ऐकून घ्यायला तयार होतो. तुम्ही ते म्हणालाच नाहीत. "बरण्या आण," म्हणालात. "काचेच्या, एका मापाच्या, घट्ट झाकणाच्या." अम्मी लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात पॅकिंग करते, तिथून रिकाम्या तीन आणल्या. तुम्ही एक हातात घेऊन फिरवलीत आणि तुम्हाला जुनी गोष्ट आठवली. मलाही.

तो तास मी विसरलेलो नाही. खिडकीबाहेर बघत होतो हे खरं, पण तुम्ही टेबलावर मांडामांड सुरू केलीत तेव्हा वळलो होतो. तांब्याची तार, वाटीत साखर, पेल्यात दूध, मिठाचा पुडा आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची एक वडी. फळ्यावर 'द्रव्य' असं लिहून खाली दोन फांद्या काढल्यात. एकीवर शुद्ध पदार्थ, दुसरीवर मिश्रण. विचारलंत, यात शुद्ध काय? मी ओरडलो, दूध. डेअरीच्या पाटीवर रोज वाचत होतो, शुद्ध दूध.

"दूध कधीच शुद्ध नसतं. म्हैस कितीही प्रामाणिक असली तरी."

वर्ग हसून फुटला. मग एकेक वस्तू. तार शुद्ध, मूलद्रव्य. साखर शुद्ध, संयुग. मीठ? पोरं म्हणाली शुद्ध. तुम्ही पुडा उलटा करून आयोडीन वाचायला लावलंत. चिक्कीपाशी मी पुन्हा अडलो. संयुग म्हटलं. "का?" "दाणे वेगळे करता येत नाहीत, बाई. करायला गेलं तर दात वेगळा होतो." तुम्ही ती वडी मला दिलीत आणि म्हणालात, "खाऊन बघ. जिभेला दाणा वेगळा लागतो का, गूळ वेगळा लागतो का? लागला तर मिश्रण." अख्ख्या वर्गासमोर मी चिक्की खाल्ली आणि उत्तर बदललं.

आणि मग ते वाक्य. "शुद्ध म्हणजे चांगलं नव्हे. शुद्ध म्हणजे आत दुसरं कुणी नाही, एवढंच. शुद्ध पारा पिऊन बघ." मी वहीत उतरवून घेतलं. तुम्ही वही तपासलीत आणि अर्धा गुण कापलात, कारण मी 'शुध्द' लिहिलं होतं. 'द'ला 'ध' जोडायचा, मी 'ध'ला 'द' जोडला. "शब्दच अशुद्ध," एवढंच म्हणालात. ती खोड माझी गेली नाही. हे पुढे लागणार आहे, म्हणून सांगून ठेवतो.

तर बरण्या. एकीत मीठ विरघळवलेलं पाणी. दुसरीत रस्त्याखालच्या ओढ्याचं, गाळासकट. तिसरीत नळाचं. प्रकाशाचा झोत बारीक पाहिजे म्हणून तुम्ही पुठ्ठ्याला भोक पाडून मोबाइलच्या टॉर्चवर चिकटवलात. अंधार पाहिजे म्हणून घोंगडी काढलीत. भर दुपारी बारा वाजता आपण दोघं तुमच्या पडवीत घोंगडीखाली, घामाघूम. तुमच्या आईने दारातून विचारलं, "काय चाललंय गं त्या घोंगडीत?"

"वर्गीकरण, आई."

"बरं. घाम पुसा मंग."

मिठाच्या पाण्यातून झोत गेला आणि आत काहीच दिसलं नाही. जणू गेलाच नाही. ते द्रावण. ओढ्याचं पाणी ढवळून ठेवलं, तासाभरात गाळ तळाला आणि वर नितळ. ते निलंबन. साहेब ज्याला गाळ म्हणाले ते हे. आणि तिसऱ्या बरणीत झोताची पांढरी वाट उमटली, या काचेपासून त्या काचेपर्यंत, धुक्यात गाडीचा दिवा दिसावा तशी. तास गेला, दुपार गेली. पाणी तसंच.

"याला गढूळ म्हणू नकोस," तुम्ही म्हणालात. "गढूळ ही तक्रार झाली, वर्ग नाही झाला. हे कलिल. कण इतके बारीक की ते बसत नाहीत."

"म्हणजे आपण जिंकलो."

"नाही. म्हणजे तो चुकला. यात फरक आहे."

मग मला डोंगरावर पिटाळलंत. कापलेल्या कडेची पिवळी माती आणि शेजारच्या न कापलेल्या उताराची माती. दोन्ही पाण्यात ढवळल्या. उताराची बहुतेक खाली बसली. कापलेल्या कडेची ताकासारखी तरंगत राहिली. मी नाचायच्या बेतात होतो. तुम्ही साहेबांच्या अहवालाची प्रत पुढे केलीत आणि एका ओळीवर बोट ठेवलंत. गढूळपणाचा रकाना. कोरा. मोजलाच नव्हता. "आपल्याकडे साक्ष आहे, निकाल नाही. निकाल त्यांच्याकडून मागायचा. हा रकाना भरून द्या म्हणायचं." बाई, मी चार वर्षं पत्रकं काढतोय. कोऱ्या रकान्यासमोर उभं राहून मागणी करायची असते, हे मला कुठल्या शिबिरात कुणी शिकवलं नव्हतं.

इथपर्यंत आपलं एक होतं. पुढच्या रविवारी मी नवा मसुदा आणला. कोरा रकाना होता, बरण्या होत्या, माती होती. शेवटी, 'आम्हाला शुद्ध पाणी पाहिजे.' तुम्ही सगळं वाचलंत, मान डोलावलीत आणि त्या शब्दावर आडवी रेघ मारलीत.

"हा काढ."

"का?"

"शुद्ध पाणी बॅटरीत घालतात. तुला ते प्यायचंय?"

"लोकांच्या तोंडातला शब्द आहे, बाई. शुद्ध तूप, शुद्ध शाकाहारी. पाट्या बघा बाजारात."

"म्हणूनच काढ."

"हा तुमचा हट्ट आहे."

"आहे."

मग मी जे बोललो ते इथे लिहिणं भाग आहे. मी म्हणालो, "तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला अर्धा गुण कापायचीच सवय. व्याकरणाने नळाला पाणी येत नाही." तुम्ही चिडला नाहीत. आत गेलात, दोन कागद घडी करून आणलेत, म्हणालात, "घरी जाऊन नीट वाच." मी ते पिशवीत कोंबले आणि चहा न घेता निघालो. तुमचा चहा मी त्याआधी कधीच नाकारला नव्हता. गुरुवारी तुम्ही गेलात.

शुक्रवारी संध्याकाळी घडी उघडली. एक कागद माझं पहिलं पत्रक. दुसरा प्लॉटवाल्यांचं रंगीत माहितीपत्रक, गुळगुळीत कागदाचं. 'शुध्द हवा, शुध्द पाणी, शुध्द शांतता.' दोन्हींवर लाल पेनने एकाच शब्दाभोवती गोल. दोन्हींकडे 'शुध्द'. 'ध'ला जोडलेला 'द'. खाली एक अक्षरही लिहिलेलं नाही.

बाई, मी लोणावळ्याला डीटीपीच्या दुकानात कामाला आहे, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, जे येईल त्याची अक्षरं संगणकावर लावतो, हे गावाला माहीत आहे. प्लॉटवाल्यांचं ते माहितीपत्रक मीच लावलं होतं, हे गावात कुणालाही माहीत नव्हतं. मी कुणाला सांगितलं नव्हतं. काम होतं, केलं. पुढे डोंगर कापला तेव्हा मी त्या कागदाचा विचार करायचं टाळलं, आणि त्याच संगणकावर, त्याच बोटांनी, त्यांच्याविरुद्धचं पत्रक लावलं. तोच शब्द, तीच चूक. नववीच्या वहीतला माझा अर्धा गुण तुम्ही ओळखलात. कधीपासून ओळखून होतात? घोंगडीखाली बसलो होतो तेव्हा माहीत होतं का? माझ्याशेजारी घाम पुसत तुम्ही हे मनात ठेवून टॉर्च धरला होतात? विचारायचं राहिलं. तुम्ही सांगायचं बाकी ठेवलंत. चुकीला गोल करायचा आणि उत्तर पोराने शोधायचं, ही तुमची जुनी रीत. पण बाई, शेवटच्या पेपरला तरी थोडं थांबायचं होतं.

तुमच्या जलदान विधीला मी आलो तो हे सगळं पोटात घेऊन. अंगणात सतरंज्या, भंतेजी आलेले, तांब्या, वाटी आणि परात मांडलेली. आणि बाजूला पाण्याचा जार, कामशेतवरून आणलेला, निळ्या अक्षरांत 'शुद्ध पेयजल'. तुमच्या भाच्याने, सुमेधने, आणला होता. नळाचं पांढरट पाणी आत्याच्या विधीला कसं वापरायचं, हा त्याचा विचार. वाईट नव्हता. पण माझा ताबा सुटला. म्हटलं, ज्या बाईने या पाण्यासाठी आपल्याला बरण्या धरायला लावल्या, तिच्या जलदानाला विकतचं पाणी?

सुमेध म्हणाला, "तुझ्या कागदात लय शुद्ध येतंय पानी, राव. नळाला कदी येनार ते सांग."

मी त्याच्यावर धावून जाणार होतो. तुमच्या आईने काठी आपटली.

"तो जार उचला हितनं," त्या म्हणाल्या. "तिला तो शबुद चालायचा न्हाई."

मी विचारलं, "आजी, तुम्हाला माहीत होतं? बाई तो शब्द का खोडत होत्या ते मला कळलंच नाही."

"तुला कुटनं कळंल? आमच्या येळंला आमाला हिरीवर चढू देत न्हवते. लांबनं वरनं पानी वाढायचे, आमी घडा खाली धरायचा. शिंतोडा वर उडाला तर म्हनायचे, बाटलं पानी, आता शुद्ध करावं लागंल. ही माझ्याकडनं ते ऐकत मोठी झाली. साळंत गेली आन् एक दिस पळतच घरी आली. म्हनली, आई, बुकात तो शबुद हाय. शुद्ध म्हंजी आत दुसरं कोन न्हाई, एवडंच हाय त्यात. बाकीचं समदं मानसांनी चिकटवलंय. लय हसली त्या दिशी. मला बी हसवलं."

आमच्या गावची ती विहीर शाळेच्या वाटेवर आहे. मी तिच्या काठावर बसून गोळ्या खाल्ल्यात. आजी कुठल्या विहिरीबद्दल बोलतायत हे मला विचारावं लागलं नाही, आणि वरून पाणी कोण वाढत होतं हेही नाही. त्यांतल्या काहींची नातवंडं त्या सतरंजीवर बसलेली होती.

तेव्हा मला आठवलं. शाळा तपासायला एक साहेब आले होते. मी प्रार्थनेनंतर बातम्या वाचल्या. ते म्हणाले, "मुलाणी ना तू? मराठी अगदी शुद्ध आहे हो तुझं." मी फुगलो. व्हरांड्यात तुम्ही विचारलंत, "खूश झालास?" म्हटलं, हो. "बरं. कधीतरी विचार कर, त्यांना आश्चर्य कशाचं वाटलं." मी विचार केला नाही. चौदा वर्षांचा होतो, शाबासकी मिळाली होती. तुमच्या अंगणात उभा राहून तो विचार केला. हा शब्द तुमच्या आईला खाली उभं करत होता आणि मला वर चढवत होता, आणि दोन्ही वेळा काम एकच करत होता. आत दुसरं कोण आहे ते मोजत होता. पाटीवर आहे म्हणून मी तो मागत होतो. पाटीवर आहे म्हणून तुम्ही काढत होतात.

तिथेच मी सांगून टाकलं. प्लॉटवाल्यांचा कागद मी लावलाय.

"म्हंजी शुद्ध हवा तूच लिवलीस व्हय?" सुमेध म्हणाला.

"अक्षरं लावली."

"तेच की."

तेच. वरच्या आळीतले दोघं उठून गेले. ते सोमवारी येतील की नाही, माहीत नाही. मग आजींनी तांब्या सुमेधच्या हातात दिला. "नळाचं आन. जन्मभर तिनं तेच प्यालं." सुमेध गेला, आणलं. भंतेजींनी मान डोलावली. आजींनी तांब्या धरला, सुमेधने खालून हात लावला, आणि पाणी वाटीत पडू लागलं. वाटी भरली, वाहिली, परातीत पांढरट पसरली. मी तुमच्यासाठी त्याआधी रडलो नव्हतो.

आता पत्रक. कोरी जागा अशी भरलीय: 'आम्हाला तपासलेलं, पिण्याजोगं पाणी पाहिजे. सगळ्या आळ्यांना, एकाच टाकीतून.' 'तपासलेलं' मुद्दाम आहे. त्या शब्दाला माणूस लागतो, तारीख लागते, सही लागते आणि भरलेला रकाना लागतो. तळाशी एक ओळ आणखी टाकलीय, की प्लॉटचं माहितीपत्रक या पत्रकाच्या लेखकाने लावलं होतं आणि त्यातलं पाण्याबद्दलचं वाक्य खोटं आहे. दुकानाचे मालक मला कामावर ठेवतील की नाही बघू.

एक गोष्ट मात्र तुमची अजून मान्य नाही, आणि ती मी तुमच्या माघारीही सोडणार नाही. तुम्ही म्हणायचात, आधी नीट ओळख, मग राग. मी म्हणतो, राग नसता तर मी बरण्या घेऊन तुमच्या दारी आलोच नसतो. खोटा होता, पण पाय त्यानेच उचलले. याचं उत्तर तुमच्याकडे नक्की असेल. ते आता मिळणार नाही याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

तिसरी बरणी माझ्या टेबलावर आहे. तीन आठवडे होत आले. तळाला थोडा साका धरलाय, तो मी सभेत लपवणार नाही, तुम्ही लपवू दिला नसता. वरचं पाणी अजून ताकच आहे. आजींनी घोंगडी दिलीय, पुठ्ठा सुमेधकडे आहे.

सोमवारी साहेब म्हणतील, गाळ आहे, बसेल, तुम्हीही बसा. मी बरणी त्यांच्यासमोर ठेवणार आहे, बाई, आणि तिच्यातलं ताक बसेपर्यंत उभा राहणार आहे.